माझ्या मोटारीचें दुखणें

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागाचे संपादक दरवर्षीं मजकडून एक लेख घेतात, आणि दरवर्षीं ‘या खेपेस कांहीं तरी शास्त्रीय लिहा’ असें बजावितात. शास्त्र शिकविणें हाच माझा व्यवसाय असल्यामुळें त्यांची अपेक्षा वावगी नाहीं. तथापि यंदां जें लिहावयाचें योजिलें आहे, तें मीं वर्गांत शिकविलेलें नसून, गेल्या वर्षीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, एका जुन्या मोटारीपासून व एका जुन्या विद्यार्थ्यापासून मी स्वतः शिकलों तें आहे. त्यांत विजेचा एक साधा नियम आहे, थोडी फजिती आहे, आणि एक अशी हकीकत आहे कीं जी सांगतांना अजूनहि मला बरें वाटत नाहीं. पण ती गाळली तर उरलेल्या लेखांत कांहीं अर्थ राहणार नाहीं.

मोटार २०१३ सालची, पांढऱ्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी आहे. तिचे गिअर आपोआप बदलतात. असली गाडी घेण्यांत चैनीचा हेतु नव्हता. २०१६ सालीं मोटारसायकलवरून पडून माझ्या डाव्या पायाचा घोटा मोडला. हाड सांधलें, पण घडोघडीं क्लच दाबण्याची शक्ति त्या पायांत पुनः आली नाहीं. म्हणून २०१८ सालीं रत्नागिरीच्या एका गृहस्थांकडून ही गाडी विकत घेतली व कोल्हापुरास आणली. समुद्राच्या कांठीं पांच वर्षें उभी राहिलेली गाडी, ही गोष्ट त्या वेळीं मीं तिच्या गुणांत धरली कीं अवगुणांत, हें आतां आठवत नाहीं. वाचकांनीं मात्र ती ध्यानांत ठेवावी.

पांच वर्षें गाडीनें निमूटपणें सेवा केली. २०२३ च्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं डॅशबोर्डवर एक पिंवळा दिवा लागला. इंजिनाच्या लहानशा चित्राचा हा दिवा पुष्कळांच्या परिचयाचा असेल. गॅरेजमध्यें त्यास ‘चेक लाईट’ म्हणतात. गाडी एक-दोन आचके देऊन पूर्ववत् चालूं लागली. पांच-सहा दिवसांनीं दिवा आपला आपण विझला. दुखणें गेलें असें समजून मी निर्धास्त झालों. पुढच्या पंधरवड्यांत तो पुनः लागला.

या दिव्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें एक विलक्षण धुकें पसरूं लागलें. तें कशापासून होतें याचा उलगडा पुढें, १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें केला. मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरांतील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोनसारखे त्रासदायक वायु निर्माण होतात, असें त्यानें दाखवून दिलें. मग धुराचें नियमन करणारे कायदे आले. परंतु कारखान्यांतून निघतांना परीक्षेंत उत्तीर्ण झालेली मोटार जन्मभर तशीच राहील याचा भरंवसा काय? (शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांविषयींहि हा प्रश्न विचारतां येईल, असो.) तेव्हां मोटारीनेंच स्वतःची तपासणी अखंड करीत राहावें व दोष आढळतांच दिवा लावावा, अशी सक्ति कॅलिफोर्निया राज्यानें १९८८ च्या गाड्यांपासून केली. १९९६ पासून तिचें सुधारलेलें रूप साऱ्या अमेरिकेंत लागू झालें. आपल्या देशांत पहिली पायरी १ एप्रिल २०१० रोजीं आणि दुसरी, अधिक कडक, १ एप्रिल २०१३ रोजीं आली. म्हणजे हा दिवा मुळांत मालकाच्या सोयीसाठीं जन्मास आला नाहीं. सर्वांनीं श्वासाबरोबर घ्यावयाच्या हवेसाठीं तो आला.

दिवा लागतो त्याच वेळीं गाडींतील संगणक एक संकेतांक नोंदून ठेवतो. त्यास ‘कोड’ म्हणतात. आपल्या ‘कोडें’ या शब्दाशीं त्याचें नातें नाहीं, तरी अनुभवानें मला तें असावें असें वाटूं लागलें आहे. स्टिअरिंगच्या खालीं सोळा छिद्रांची एक खोबण असते. तींत यंत्र जोडलें कीं कोड वाचतां येतो. त्याची रचना पद्धतशीर आहे. आरंभींचें अक्षर ‘पी’ असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्स यांच्यासंबंधीं. त्यापुढें शून्य असेल तर तो संकेत सर्व कंपन्यांच्या गाड्यांस समान. तिसऱ्या स्थानीं एक किंवा दोन असेल तर हवा व इंधन यांचें प्रमाण, तीन असेल तर सिलिंडरांतील ठिणगी, चार असेल तर धुराची शुद्धि, सात असेल तर गिअरबॉक्स. मीं एक स्वस्तसें वाचनयंत्र विकत आणलें आणि शिक्षकाच्या जन्मजात खोडीस अनुसरून एका वहींत तारीख, वेळ, स्थळ, हवामान व कोड अशा नोंदी ठेवूं लागलों. या वहीचा पुढें उपयोग होईल असें तेव्हां वाटलें नव्हतें. नोंद केल्यानें मनुष्यास आपण कांहीं करीत आहों असें वाटतें, एवढेंच.

वहींत फिरून फिरून तेच तीन कोड येत. पहिला पी ०३००: सिलिंडरांतील पेट्रोल अधूनमधून पेटत नाहीं. गॅरेजमधील लोक यास ‘गाडी मिसिंग करते’ असें म्हणतात. हें संगणकास कसें कळतें, तें पाहण्यासारखें आहे. प्रत्येक स्फोटाबरोबर इंजिनाच्या मुख्य दांड्याचा वेग किंचित् वाढावा लागतो. एखादा स्फोट चुकला तर तो तितकाच मंदावतो. एक दांतेरी चाक व त्यावर नजर ठेवणारा एक लहानसा संवेदक यांच्या साहाय्यानें हा क्षणाचाहि क्षुद्र अंश असलेला फरक मोजला जातो. दुसरा पी ०७००. हा रोगच नव्हे, नुसती चिठ्ठी आहे. गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या संगणकास कळवितो, ‘मजकडे एक तक्रार आली आहे, काय तें मला विचारा.’ माझ्या स्वस्त यंत्रास गिअरबॉक्सच्या संगणकाशीं बोलतां येत नसल्यामुळें त्यास चिठ्ठी तेवढी दिसे, तक्रार दिसत नसे. तिसरा पी ०५६२: विजेचा दाब कमी. हा क्वचित् येई. बॅटरी जुनी झाली होती, म्हणून याकडे मीं किंवा इतर कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं.

शहरांतील एका मोठ्या वर्कशॉपमध्यें मी गाडी घेऊन गेलों. पी ०३०० पाहून त्यांनीं प्लग बदलले. गाडी दोन आठवडे उत्तम चालली. दिवा पुनः लागला, तेव्हां ठिणगी देणाऱ्या कॉईल बदलल्या. तीन आठवडे उत्तम. मग गिअरबॉक्सचें तेल बदललें. मग बॅटरीच नवी घातली. प्रत्येक इलाजानंतर गाडी कांहीं दिवस बरी असे, आणि प्रत्येक वेळीं मी घरीं येऊन ‘आतां दोष सांपडला’ असें सांगत असें. माझ्या पत्नीनें चौथ्या वेळीं यावर कांहींच उत्तर दिलें नाहीं.

ज्याचा उलगडा मला फार मागाहून झाला तें येथेंच सांगून टाकतों. काम करण्यापूर्वीं ते लोक, सुरक्षिततेसाठीं योग्यच, बॅटरीची तार काढीत. बॅटरी तोडली कीं संगणकाची ही स्मृति पुष्कळ गाड्यांत पुसली जाते, व दिवा विझतो. शिवाय तार काढतांना व घालतांना ती हालते, वळते, पुनः आवळली जाते. याचें महत्त्व पुढें येईल. म्हणजे रोग्यास जें औषध दिलें त्यानें गुण येत नसून, औषध देण्यासाठीं त्याला जें उठवून बसविलें त्यानें येत होता! प्लगांस, कॉईलांस व तेलास मात्र त्याचें श्रेय मिळत गेलें. मी इयत्ता आठवीस ‘अगोदर घडलें म्हणून कारण ठरत नाहीं’ हें दरवर्षीं शिकवितों.

२०२४ च्या ऑगस्टमध्यें माझ्या आईच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढावयाचा ठरला. ती रत्नागिरीकडे माझ्या धाकट्या भावाजवळ असते. तिला घेऊन मी कोल्हापुरास निघालों. साखरप्यास पोंचेपर्यंत दिवस मावळला व आंबा घाटाच्या चढणीस लागतांच पाऊस असा कोसळूं लागला कीं पुढचें वळण दिसेना. दिवे, पाणी पुसणारे वायपर, कांचेवरील धुकें घालविणारा पंखा, सर्व चालू होतें. अर्ध्या चढावर पिंवळा दिवा लागला. नुसता लागला नाहीं, तर लुकलुकूं लागला. लुकलुकणें याचा अर्थ दोष असा तीव्र आहे कीं धूर शुद्ध करणारें उपकरणहि जळून जाण्याचा संभव आहे. त्याच क्षणीं गाडीनें एक हिसका दिला आणि ती तिसऱ्या गिअरमध्यें अडकून बसली. गिअरबॉक्सचा संगणक घाबरला कीं स्वतःच्या रक्षणासाठीं असें करितो. सपाटीवर त्यानें मनुष्य घरीं पोंचतो. घाटांत तिसऱ्या गिअरनें चढणें म्हणजे म्हाताऱ्यास पाठीवर पोतें देऊन जिना चढविणें होय. मागून एक मालट्रक कर्णा वाजवीत येत होता.

मीं गाडी एका रुंद वळणाशीं कशीबशी कडेला घेतली. आई कांहीं विचारीत नव्हती. डोळ्यांस नीट दिसत नसल्यामुळें दरी तिला दिसत नव्हती, एवढेंच समाधान. थोड्या वेळानें ती म्हणाली, “अरे, थांबलास तें बरें केलेंस. गाडीलाहि दम लागला असेल.” दहा मिनिटांनीं किल्ली फिरविली, तों गाडी कांहीं झालेंच नाहीं अशा ऐटींत चालूं लागली. आम्ही मलकापूर गांठलें तेव्हां माझ्या अंगावरचे कपडे पावसानें नव्हे, घामानें भिजले होते.

यानंतर वर्कशॉपनें अखेरचा निर्णय दिला: गिअरबॉक्स उघडावा लागेल, खर्च सुमारें सत्तर हजार. त्या वर्षीं माझ्या थोरल्या मुलीचा महाविद्यालयांत प्रवेश व्हावयाचा होता. बाजूस टाकलेली रक्कम तेवढीच होती. मीं गाडी विकावयाचें ठरविलें.

आतां ती हकीकत. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे एक दलाल माझ्या परिचयाचे आहेत. ते म्हणाले, “मास्तर, त्यांत काय एवढें? गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशीं कोड उडवून टाकूं. आठ-दहा दिवस तरी दिवा लागत नाहीं. पुढचें पुढें.” मीं होय म्हटलें नाहीं, नाहींहि म्हटलें नाहीं. ते संध्याकाळीं आले, खोबणींत यंत्र लाविलें, एक कळ दाबली, व दिवा विझला. मी शेजारीं उभा राहून पाहत होतों. वीस वर्षांत प्रगतिपुस्तकांतील तांबडा शेरा ब्लेडनें खरडून घरीं दाखविणारीं मुलें मीं अनेक वेळां पकडलीं आहेत. कागद तेथें पातळ होतो, उजेडांत धरला कीं कळतें. त्या मुलांस मीं काय काय ऐकविलें तें मला चांगलें आठवतें.

दुसऱ्या दिवशीं एक तरुण दंपती आलें. तो कोठेंसा कारकून होता. कडेवर वर्षभराचें मूल. त्यांचें माहेर व सासर दोन्ही कोंकणांत. म्हणजे त्यांस गाडी हवी होती ती त्याच घाटासाठीं. त्यानें आदबीनें विचारलें, “सर, गाडीची कांहीं तक्रार?” मी म्हणालों, “जुन्या गाडीचें जें असायचें तें.” हें वाक्य खोटें नाहीं. पण त्यांत सत्यहि नाहीं, आणि तें बोलतांना मला दोन्ही ठाऊक होतें. तो म्हणाला, “मास्तरांची गाडी आहे, मग पाहायला नको. तरी माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक उद्यां नजर टाकून जाईल.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोटारसायकलवरून जो मेकॅनिक उतरला त्यास मीं पाहतांक्षणीं ओळखलें. २००९-१० सालीं तो माझ्या नववीच्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसत असे. शाळेची विजेची घंटा उघडून बसल्याबद्दल मींच त्यास एक दिवस वर्गाबाहेर उभें केलें होतें. त्यानंतर ती घंटा नीट वाजूं लागली, ही गोष्ट मीं तेव्हां कोणास सांगितली नव्हती. त्यानें वांकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली, आणि आपला स्कॅनर लावून तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

मला वाटलें होतें, कोड नाहीं म्हणजे प्रश्न मिटला. पण संगणकाची पाटी पुसली तरी पुसल्याची खूण राहते. गाडी आपल्या निरनिराळ्या अवयवांच्या ज्या चाचण्या घेत असते त्या सर्व पुनः ‘अपूर्ण’ म्हणून दिसूं लागतात. त्या पुऱ्या व्हावयास कित्येक दिवसांची चाल लागते. इतकेंच नव्हे, तर स्मृति पुसल्यापासून गाडी किती धांवली याचीहि नोंद मिळते. पडद्यावर आंकडा होता अकरा किलोमीटर.

त्यानें माझ्याकडे पाहिलें. तो तरुण व त्याची बायको दोन पावलांवर उभीं होतीं. तो हळूच म्हणाला, “सर, हल्लीं बॅटरी काढली होती का?”

विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नांतील सौजन्य मला आज जितकें कळतें तितकें त्या क्षणीं कळलें नाहीं. बॅटरी काढल्यानेंहि हींच चिन्हें दिसतात. त्यानें मला बाहेर पडावयास एक दार उघडून दिलें होतें, व तें दार खरेंखुरें होतें. ‘होय’ म्हटलें असतें तर कोणासहि संशय आला नसता. मीं बहुधा पांच-सहा सेकंद उत्तर दिलें नाहीं. मग मी म्हणालों, “नाहीं. परवां मीं कोड पुसून घेतले. दीड वर्ष दिवा लागतो आहे. घाटांत गाडी अडकते.” तें मी त्या तरुणाकडे पाहून बोललों, असें मला म्हणावयाचें होतें, वास्तविक मी गाडीच्या टपाकडे पाहत होतों. तो तरुण रागावला नाहीं. ‘बरें झालें सांगितलेंत’ एवढेंच म्हणून तीं दोघें निघून गेलीं. त्याच्या बायकोनें मात्र जातांना वळून माझ्याकडे पाहिलें.

मेकॅनिक जाईना. तो म्हणाला, “सर, दीड वर्षाच्या तारखा आठवतील?” मीं ती वही आणून दिली. गाडीच्या बोनेटवर वही ठेवून त्यानें ती पहिल्या पानापासून वाचली. माझ्या कोणत्याहि विद्यार्थ्यानें माझें लिखाण इतक्या लक्षपूर्वक वाचल्याचें मला स्मरत नाहीं. नंतर तो जें बोलला तें थोडक्यांत असें: इंजिनाचा कोड व गिअरबॉक्सचा कोड नेहमीं एकाच मिनिटास येतात. दोघांस एकाच वेळीं वेगवेगळे रोग होत नाहींत. नोंदी बहुतेक संध्याकाळच्या आणि पावसाच्या, म्हणजे दिवे, वायपर, पंखा चालू असतांनाच्या. आणि ज्या कोडकडे कोणी पाहिलें नाहीं तो, विजेचा दाब कमी असल्याचा, बॅटरी नवी घातल्यावरहि दोनदां आला आहे. “दोन्ही संगणकांत सामाइक काय तें शोधलें पाहिजे, सर. वीज, आणि ती परत जाण्याची वाट.”

गाडी त्यानें दोन दिवस ठेवून घेतली. पहिल्या दिवशीं सर्व दिवे लावून त्यानें ती पन्हाळ्याच्या चढावर तीन वेळां नेली. तिसऱ्या वेळीं कोड आले. त्याच्या स्कॅनरला गिअरबॉक्सच्या संगणकाशींहि बोलतां येत होतें. तेथें त्या दिवशीं एका व्हॉल्व्हची विद्युत्-तक्रार होती, दुसऱ्या दिवशीं वेग मोजणाऱ्या संवेदकाची. तक्रारी बदलतात, त्या अर्थी अवयव निर्दोष आहेत, असें तो म्हणाला. मग त्यानें मला बोलावून घेतलें. “तुम्हीच शिकवलेलें आहे, सर, बघायला या.”

त्यानें केलें तें अगदीं साधें होतें. इंजिन सुरू होऊं नये अशी व्यवस्था करून मला किल्ली फिरवून सेल्फ मारावयास सांगितलें. आणि मल्टिमीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर धरलें. हीं दोन ठिकाणें एका जाड तारेनें जोडलेलीं असतात. तिला अर्थिंगची तार म्हणतात. तार चांगली असेल तर दोहोंमधील दाबाचा फरक जवळजवळ शून्य, फार तर एका व्होल्टच्या दोन दशांशांइतका यावा. मल्टिमीटरनें १.३ दाखविले. मग त्यानें एक जाड जोडतार दोन्ही ठिकाणीं लाविली. आंकडा झरकन् खालीं आला, आणि समोरच्या भिंतीवर पडलेला गाडीच्या दिव्यांचा उजेड मला डोळ्यांनीं दिसेल इतका वाढला.

येथें थोडें गणित केल्यावांचून राहवत नाहीं. सेल्फ मारतांना सुमारें १३० अँपिअर प्रवाह वाहतो असें धरूं. १.३ व्होल्टांस १३० नीं भागिलें तर रोध येतो ओहमचा एक शतांश. एवढा क्षुद्र रोध साध्या मल्टिमीटरला दिसतच नाहीं. नुसता रोध मोजावयास गेलें तर यंत्र स्वतःच्या तारांचाच रोध दाखवितें व ‘तार उत्तम’ असा निर्वाळा देतें. वर्कशॉपमध्यें तसाच तो दिला गेला होता. तारेची परीक्षा ती ओझें वाहत असतांनाच घ्यावी लागते. ओझें नसतांना कोणतीहि तार उत्तीर्ण होते.

अर्थिंग बिघडलें म्हणजे काय होतें? गाडींतील बहुतेक उपकरणांचा प्रवाह इंजिनाच्या व टपाच्या धातूंतून परत बॅटरीकडे येतो. ती वाट अरुंद झाली कीं ज्या पातळीस सारे संगणक ‘शून्य’ मानतात तीच वरखालीं होऊं लागते. संवेदकांचे संदेश पांच व्होल्टांच्या मापांत असतात. त्यांत अर्ध्या-पाऊण व्होल्टाची भेसळ झाली तर संगणकानें कशावर विश्वास ठेवावा? तो खोटें बोलत नव्हता. त्याच्या पायांखालची जमीन हालत होती, आणि तो हात दाखवीत होता कधीं प्लगांकडे, कधीं गिअरबॉक्सकडे. आणि अडलेला प्रवाह मिळेल त्या वाटेनें, गिअरच्या दोरीच्या पोलादी आवरणांतूनसुद्धां, परततो. तें आवरण त्यानें मला हात लावून पाहावयास सांगितलें. तें कोमट होतें.

बॅटरीच्या खालची पेटी काढल्यावर तार बाहेर आली. वरून काळें आवरण धडधाकट. त्यानें चाकूनें चीर दिली, तों आंत तांबें नव्हतेंच म्हणावयाचें; हिरवी पूड, व तींत चमकणारे थोडे तंतु. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेनें टोंकाकडून आंत शिरून दहा वर्षें आपलें काम केलें होतें. बॅटरी काढतांना-घालतांना हे उरलेले तंतु एकमेकांस चिकटत व कांहीं दिवस गाडी बरी होई. नवी तार घातली, जेथें ती बसते तेथील धातु घांसून उजळ केला, वर ग्रीस लाविलें. अर्ध्या तासाचें काम. तार व मजुरी मिळून त्यानें आठशें रुपये घेतले. जास्त देऊं केले, ते घेतले नाहींत. कमीहि घेतले नाहींत. “धंदा आहे, सर,” असें तो म्हणाला.

मीं त्या तरुणास दूरध्वनि केला. त्यानें तोंपर्यंत दुसरी गाडी ठरविली होती. ‘काय होतें शेवटीं?’ असें त्यानें विचारलें व मीं सांगितलेलें शांतपणें ऐकून घेतलें. मग गाडी विकण्याचें कारणच उरलें नाहीं. नाताळास आईला परत आणलें तें याच गाडींतून, रात्रीं, आंबा घाटानें. नव्या नजरेनें तिला या खेपेस दरी दिसली, आणि ती ‘अगबाई’ म्हणाली.

हिरव्या पुडीसह ती तार शाळेच्या प्रयोगशाळेंतील कपाटांत, वरून दुसऱ्या फळीवर आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं मागून घ्यावी. आवरणाची चीर फार ताणूं नये; तंतु थोडेच राहिले आहेत.

हा लेख लिहीत असतां, गेल्या मंगळवारीं, पिंवळा दिवा पुनः लागला. कोड निराळा आहे: पी ०१७१, म्हणजे मिश्रणांत पेट्रोलच्या मानानें हवा जास्त. कोठें तरी रबरी नळीस भेग पडली असेल, किंवा आणखी कांहीं. पहिल्या विचारानेंच नळी बदलून टाकावयाची नाहीं, असें मेकॅनिकनें दूरध्वनिवरून बजावलें आहे, आणि मीं कोड पुसलेला नाहीं. शनिवारीं अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर गाडी त्याच्याकडे न्यावयाची आहे. वही बरोबर घेईन.